अपुरे टेबल

वाचकहो, आपल्या घरचा संगणक अलीकडे कूर्मगतीने चालू लागला असेल, तर त्याला मोडीत काढण्यापूर्वी माझी ही हकीकत ऐकावी.

आमचा संगणक स्वस्तातला. भाषांतराचे काम घरी आणावे लागते, म्हणून सहा वर्षांपूर्वी घेतलेला. गेल्या हिवाळ्यात त्याने असहकार पुकारला. मूळ मजकूर, शब्दकोश आणि माझा मसुदा एकाच वेळी उघडले की यंत्र गोठून जाई. एका रात्री तर दोन पाने जतन करण्यापूर्वीच नाहीशी झाली. नवा संगणक येईल इतके पैसे घरात होते. परंतु ते आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले. आईच म्हणाली, “तू घे नवा. माझे डोळे थांबतील उन्हाळ्यापर्यंत.” ते ऐकल्यावर मला झोप कशी यावी?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरीचा तक्ता पाहिला. ४ जीबी रॅम जवळजवळ सारी व्यापलेली, आणि प्रोसेसर मात्र स्वस्थ बसलेला! म्हणजे यंत्र म्हातारे झाले नव्हते. त्याचे टेबल अपुरे पडत होते. माझ्या टेबलावर मोल्सवर्थांचा कोश उघडला की दुसऱ्या कोशाला जागा उरत नाही. एक कपाटात ठेवावा तेव्हा दुसरा काढावा. रॅम हे संगणकाचे टेबल आणि हार्ड डिस्क हे कपाट. रात्री ऐकू येणारी ती घरघर या ने-आणीचीच होती. त्यातून स्वस्त संगणकात पडद्यावरील चित्रांसाठीही याच टेबलाचा एक कोपरा अडवलेला असतो. त्याच तक्त्यात खाली दिलासा होता: रॅमच्या २ खाचांपैकी १ रिकामी.

उत्साहाच्या भरात यंत्र न उघडताच मी नेहरू प्लेसला गेले आणि ८ जीबीची पट्टी घेऊन आले. ती निघाली डीडीआर३. आमच्या यंत्राला हवी होती डीडीआर४. दोहोंच्या कडेवरील खोबण वेगळ्या जागी असते, म्हणून एक दुसरीच्या जागी बसतच नाही. जोर केला असता तर मदरबोर्डच गमावला असता. चूक माझी, तरी दुकानदाराने पट्टी बदलून दिली. वरचे पैसे मात्र बरेच मोजावे लागले. २०२५ च्या उत्तरार्धापासून चिप-उत्पादकांचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे वळल्यामुळे रॅमचे भाव भडकले आहेत. आपण घेणार असाल, तर जुन्या पट्टीवरील चिठ्ठी आधी वाचावी. विंडोज ३२-बिट असेल, तर ४ जीबीपलीकडची रॅम घालूनही उपयोग नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

दिल्लीच्या कोरड्या थंडीत लोकरीच्या कपड्यांतून ठिणग्या उडतात, आणि तेवढी वीजही या चिपांना घातक ठरू शकते. म्हणून स्वेटर उतरवला, संगणकाची वायर काढली आणि पेटीच्या पत्र्याला हात लावून मग पट्टी बसवली. आई विजेरी धरून उभी होती. बटण दाबले. पंखा फिरला, पडदा काळाच! माझ्या पोटात गोळा आला. वाचवायला निघालेले पैसे आता नव्या यंत्रातच जाणार, असे वाटले.

“दोन्हीकडे टक् झाले नव्हते,” आई म्हणाली. “मला एकदाच ऐकू आले.”

पुन्हा वायर काढली. पट्टीचे एक टोक खरोखरच किंचित वर राहिले होते. अंगठ्याने सरळ दाबले, कडेची चाप मिटली, आणि आवाज या खेपेस मलाही ऐकू आला. पडदा उजळला. तक्त्यात १२ जीबी!

“आता तुझे सगळे कोश मावतील ना?” आईने विचारले.

मावतात. फाल्गुनात तिच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली.