काकूंचा करडा

टेक्ससमधल्या अर्विंगमध्ये मला पहिला आधार मिळाला तो काकूंचा. त्यांचं माझं नातं काहीच नव्हतं. मी एच-फोर व्हिसावर आलेली. नोकरीची मुभा नाही, गाडी चालवता येत नाही. लास कोलिनासच्या आमच्याच वसाहतीत त्या पलीकडच्या इमारतीत राहायच्या. एका दुपारी चहाला बोलावलं आणि चित्रं काढायला जेवणाच्या टेबलाची निम्मी बाजू मला देऊन टाकली.

काकू चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या. चित्रकार प्रभाकर कोलते तिथे शिकवत होते तेव्हाच्या. कोलते स्वतः शंकर पळशीकरांचे विद्यार्थी, त्यामुळे गवयाच्या तोंडी आजेगुरूंचं नाव यावं तसे काकूंच्या बोलण्यात पळशीकर यायचे.

कागद भिजवून, बोर्डावर ताणून त्या कडा चिकटवायच्या. काळ्या रंगाची ट्यूब घरात नव्हतीच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओल्या कागदावरच एकमेकांत सोडायच्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, म्हणून तो करडा एकसारखा होत नाही. नाक लावून पाहिलं तर निळा वेगळा, तांबूस वेगळा. एसीच्या कोरड्या हवेत कागद भराभर सुकायचा. अर्धवट सुकलेल्या रंगात पाणी शिरलं की दातेरी कड उमटायची. मी पुसायला धावले की म्हणायच्या, "अगं, राहू दे. तो आकार रंगाने स्वतःहून घेतलाय."

खांदा दुखू लागल्यावर त्यांनी मोठे कागद सोडले. मलाच वाईट वाटलं. त्यांनी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ला झालेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या प्रदर्शनाचा कॅटलॉग समोर ठेवला. १९८४च्या अपघातानंतर गायतोंड्यांना मोठे कॅनव्हास झेपेनात, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी चित्रं केली. काकूंनी त्यावर भाष्य केलं नाही; दुसऱ्या दिवशी वहीएवढे कागद कापायला बसल्या.

त्यातलंच एक माझ्याकडे आहे. बहुतेक सगळा करडा, खाली डावीकडे पिवळ्या ऑकरची बोटभर पट्टी. पट्टी तळहाताने झाकली की करडा मातकट वाटतो. हात काढला की तोच निळसर होतो. रंग तोच असतो, त्याचा शेजार बदललेला असतो. त्या वर्षांतल्या माझ्याबद्दल मला याहून खरं काही सांगता येत नाही.

मी त्या चित्राच्या पैशांचं नाव काढलं तेव्हा त्या रागावल्या होत्या. आता त्या पुण्याला असतात. फोनवर आधी चित्राची चौकशी, ऊन लागत नाही ना म्हणून, मग माझी. टेक्ससचं ऊन पोचणार नाही अशी भिंत मी केव्हाच शोधली आहे, तरी दरवेळी त्यांना ती कुठली ते सविस्तर सांगते.