वळणाआधीची हाळी

दाजीपूरच्या बाहेरच्या अंगाला एका धनगरवाड्याकडे उतरणारी गाडीवाट आहे. वर जांभ्याचा उघडा सडा, मग दोन्ही बाजूंनी कारवी, मग डावीकडे एक आंधळं वळण आणि वळणापलीकडे ओढा. ऑक्टोबरातल्या एका सकाळी, पावसाळा नुकताच सरलेला आणि धुकं अजून झाडांत अडकलेलं असताना, एक सायकलवाला या वाटेने खाली येत होता. चढाला दीड तास घाम गाळला होता, आता उतारावर त्याची वसुली चालली होती. वळण घेतलं आणि समोर बारा-पंधरा पावलांवर वाट बंद झालेली दिसली. काळीभोर भिंत होती. भिंतीला पाय होते आणि पायांत पांढरे मोजे.

पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला. शेवाळलेल्या जांभ्यावर पुढचं चाक सटकलं. माणूस एका अंगाला, सायकल दुसऱ्या. गव्याने नाकातून शिट्टीसारखा फुत्कार सोडला, खूर आपटला आणि कारवी मोडत तो ओढ्याकडे उतरून गेला. सगळा प्रसंग पाच-सहा सेकंदांचा.

तो सायकलवाला आणि हे लिहिणारा एकच. पण कोपर सोलून चिखलात बसलेला, हेल्मेट तिरकं झालेला तो माणूस आठवला की ओळख द्यावीशी वाटत नाही. त्याला ‘तो’ म्हटलेलंच बरं.

थोड्या वेळाने मागून चार म्हशी आल्या आणि म्हशींमागून खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा. वाटेवरची घसरण, मोडलेली कारवी आणि चिखलातला माणूस एवढ्यावरून त्याने सगळी हकीकत वाचली.

“लागलं न्हाई न्हवं पाव्हणं?”

“नाही, खरचटलंय थोडं.”

“मग आवाज देत यावं की. असं मुक्यानं आलासा तर त्येनं तरी काय करायचं?”

आणि वळणाजवळ जाऊन त्याने ‘होऽ हो’ अशी लांबलचक हाळी दिली. म्हशींच्या गळ्यातल्या घाटी वाजतच होत्या. तरीही दिली.

रानात रोज ये-जा करणारी माणसं गप्प चालत नाहीत, हे सायकलवाल्याला त्या दिवसापर्यंत दिसूनही कळलेलं नव्हतं. गुराखी हाळी देतो, हिरडा वेचायला गेलेल्या बायका एकमेकींना मोठ्याने हाका मारतात, एकटा जाणारा काठी आपटतो, नाहीतर उगाच खाकरतो. आपण येतोय ही वर्दी असते. ती मिळाली की गवा बाजूला होतो, अस्वल वाट बदलतं. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोपर्यंत भरतो, पण स्वभावाने तो बुजरा. अंगावर येतो तो बहुधा दचकला, कोंडला गेला किंवा पिल्लाची काळजी पडली तर. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला वाट चुकून आलेला गवा आठवावा. गर्दी आणि पाठलाग यांनी तो सैरभैर झाला आणि अखेर मेला. त्या दिवशी कोण कोणाला भ्यालं होतं, हे फोटो पाहिले तरी कळतं.

जाता जाता एक: दाजीपूर ज्यात येतं ते राधानगरीचं अभयारण्य १९५८ पासूनचं, महाराष्ट्रातलं पहिलं. ‘बायसन अभयारण्य’ म्हणूनच त्याला लोक ओळखायचे. बायसन भारतात नाहीच. तो युरोप-अमेरिकेतला प्राणी. आपला गवा हा गवाच.

सायकलीची अडचण अशी की ती मुकी आणि वेगवान, दोन्ही एकदम आहे. मोटरसायकल वेगवान असते, पण डोंगराच्या पलीकडून ऐकू येते. पायी माणूस गप्प असला तरी सेकंदाला जेमतेम दीड मीटर पुढे सरकतो. ताशी ३० किलोमीटरने उतरणारी सायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापते. डोळ्यांनी पाहिलं, डोक्याने ओळखलं आणि बोटं ब्रेकवर आवळली, यात एक सेकंद गेला तर ब्रेक लागायच्या आधीच आठ मीटर संपलेले असतात. पंधरा मीटर दिसणाऱ्या वळणावर उरतात सात. ओल्या मुरमावर सात मीटरांत थांबून दाखवणारा सायकलपटू असेलही, पण त्याने ते रोज करून दाखवू नये.

हा हिशेब सर्वांत कठोरपणे मांडला गेला तो अमेरिकेत. मोंटाना राज्यात ग्लेशियर नॅशनल पार्कला लागून असलेल्या जंगलात २९ जून २०१६ रोजी एक अनुभवी सायकलस्वार वळणावर ग्रिझली अस्वलावर जाऊन आदळला आणि अस्वलाने त्याला ठार केलं. तो त्याच भागात राहणारा आणि वनखात्यात काम करणारा. जंगल त्याला नवं नव्हतं. नंतरच्या चौकशीत निघालं ते असं: वेग ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या घरात, वळणापलीकडचं दिसत नव्हतं, आणि अस्वल दिसल्यापासून धडकेपर्यंत एक-दोन सेकंद. अस्वल शिकारीला निघालेलं नव्हतं. त्याच्या अंगावर कोणीतरी आलं होतं.

अस्वलाच्या जागी गवा आणि मोंटानाच्या जागी दाजीपूर घातलं की सायकलवाल्याला आपलं सोललेलं कोपर फार स्वस्तात पडलं असं वाटतं.

डोंगरी सायकलींचा हा खेळ ब्रेकच्या गोष्टीतूनच जन्मला, हे सहसा कोणी सांगत नाही. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ, वणवे विझवायला काढलेल्या एका कच्च्या रस्त्यावर काही पोरांनी उताराची शर्यत लावली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही या खेळाच्या इतिहासातली नावं त्याच टोळक्यातली. सायकली म्हणजे जाड टायरांची जुनी धुडं. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, उलटं पेडल मारलं की लागणारा. सुमारे चारशे मीटर उंची उतरून खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर फेरीनंतर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागे. पुन्हा भरणं, म्हणून त्या उताराचं नाव पडलं रीपॅक. पुढे या मंडळींनी नव्या सायकली बनवल्या, कारखाने काढले, १९९६ साली अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्येही गेला. पण नावात जे उरलं ते जळक्या ब्रेकचं ग्रीस.

आता डिस्क ब्रेक आहेत, तेलाच्या दाबावर चालणारे, एका बोटाने लागणारे. त्यामुळे नवशिक्याला वाटतं की ब्रेक हा संकट आल्यावर दाबायचा असतो. सायकलवाल्यालाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. खरं कसब वळणाच्या आधी, वाट अजून सरळ असताना, दोन्ही ब्रेक हलके दाबून वेग मारण्यात आहे. वजन मागे, टाचा खाली, आणि वळणात शिरताना ब्रेक सोडलेले. वळणात ब्रेक दाबला की पुढचं चाक सटकतं. जांभ्यावर तर हमखास. दाजीपूरच्या वळणावर त्याने नेमकं तेच केलं होतं, आणि गवा नसता तरी कधीतरी तो तिथे पडणारच होता. दोष वळणाचा नव्हता, जनावराचा तर नव्हताच.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. पेडल थांबवलं की मागच्या हबमधून टक-टक-टक असा आवाज येतो. तो आवाज त्याला गावंढळ वाटे. म्हणून हब खोलून त्याने जाड ग्रीस भरलं होतं आणि सायकल अगदी मांजरीसारखी गप्प केली होती. घंटी तर दुकानातून आणली त्याच दिवशी काढलेली; तेवढंच वजन कमी. कोल्हापूरला परतल्यावर हब खोलला, जाड ग्रीस पुसलं, पातळ तेल दिलं. टकटक सुरू झाली. हँडलवर पितळी घंटी चढली.

पण घंटीचा भरवसा धरू नये. कॅनडातल्या बॅन्फसारख्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वलांच्या मुलखात जाणाऱ्यांना सांगतात की घंट्या पुरत नाहीत, तोंडाने ओरडा. म्हातारा त्याहून वेगळं काय सांगत होता? म्हशींच्या घाटी वाजत असतानाही त्याने हाळी दिली होती.

सुरुवातीला ओरडायची लाज वाटते. शहरातला माणूस रानात शांतता शोधायला जातो आणि तिथे स्वतःच बोंबलत उतरायचं म्हणजे काहीतरीच. सायकलवाल्याने आधी शीळ घालून पाहिली, पण चढउतारावर श्वास पुरेना. मग गाणं, त्याने साथीदार पळाले. शेवटी ‘होऽ हो’ वरच आला.

एका ठिकाणी मात्र तोंड बंद ठेवायचं. कड्याला आग्या मोहोळं लटकलेली दिसली की हाळी नाही, अत्तर नाही, शेकोटी नाही; डोकं खाली घालून मुकाट निघायचं. सह्याद्रीत भटकणाऱ्याने बिबट्यापेक्षा या माशांना जास्त भ्यावं, असं सायकलवाल्याचं ठाम मत आहे. हेल्मेटच्या फटीत शिरलेली एक माशीही माणसाला दरीच्या काठावर नाचवते.

आणि कुत्री! रानातल्या जनावरांच्या गोष्टी ऐकायला जमलेल्या लोकांची इथे निराशा होते, पण डोंगरात सायकलवाल्यावर सर्वांत जास्त वेळा धावून आलेलं जनावर म्हणजे धनगरवाड्यावरचं कुत्रं. त्याला माणसाशी वैर नसतं, फिरत्या चाकाशी असतं. पळालात तर मागे लागतं. उतरून, सायकल मधे धरून चालायला लागलं की त्याचा रस संपतो. बिबट्या? एकदाही दिसला नाही. एकदा त्याच वाटेने परत येताना स्वतःच्या टायरच्या नक्षीवर उमटलेला त्याचा पंजा दिसला. तासाभरापूर्वी तिथे फक्त टायर होता.

पावसात हिशेब उलटा होतो. तिथे भ्यायचं ते आपल्या चाकाने. जूनच्या पहिल्या सरींनंतर घाटातल्या वाटांवर खेकडे निघतात, नांग्या वर करून सायकलीलाही आव्हान देतात. आंबोलीच्या सड्यांवर एक चिमुकला भेक राहतो, २००९ साली शास्त्रज्ञांनी वेगळी जात म्हणून नोंदवलेला, जगात फक्त त्याच परिसरातला आणि अतिसंकटग्रस्त. त्याला हाळी ऐकवून उपयोग नाही. सड्यावरची माती बोट-दोन बोटं जाडीची असते. ओल्या मातीत टायरने पाडलेली चरी पुढच्या पावसात ओहोळ होते, आणि त्या मातीवर जगणारी गवतं, कीटकभक्षी झाडं वाहून जातात. पावसाळ्यात सड्यावर सायकल घालणं हा सायकलवाल्याच्या लेखी गुन्हा आहे, मग तिथे पाटी असो वा नसो.

हिमालयात वेगळीच गंमत झाली. मनाली-लेह रस्त्यावर पांगच्या पुढे मोरे मैदान लागतं, साडेचार हजार मीटरहून उंच, चाळीसेक किलोमीटर जवळजवळ सपाट. तिथे कियांग, म्हणजे तिबेटी रानगाढवं चरतात. सायकल दिसली की ती काही वेळ समांतर धावतात आणि मग पुढे होऊन आडवी कापून जातात, जणू शर्यत जिंकल्याचं जाहीर करायला. सायकलवाल्याला ओरडायला श्वासच नव्हता, आणि गरजही नव्हती. मैलभरावरून दोघांनी एकमेकांना पाहिलेलं. मर्मोट मात्र त्याच्या वतीने ओरडत होते. बिळाच्या तोंडाशी उभं राहून तीक्ष्ण शिट्टी, आणि सगळी वसाहत जमिनीत गडप.

त्या मैदानावर त्याला वाटलं होतं की उघड्यावर आपण कोणाला त्रास देत नाही. अमेरिकेत युटा राज्यातल्या अँटिलोप बेटावर झालेला, २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पुढे वाचनात आला. बायसन, हरणं आणि प्राँगहॉर्न यांना सायकलवाला आणि पायी माणूस यांत फारसा फरक वाटत नव्हता. दोघांपासूनही ती सारखीच दूर जात. वाटेपासून शंभर मीटरच्या आत असलेलं हरीण पळण्याची शक्यता होती ७० टक्के. आणि आपण जनावरांच्या किती जवळ जाऊ शकतो याबद्दल माणसांचा अंदाज जनावरांच्या मतापेक्षा बराच सैल होता. कियांगांची ती शर्यत खेळ होती की पळ, हे आता त्याला छातीठोकपणे सांगता येत नाही.

हाळी देत उतरणाऱ्याला जनावरं कमी दिसतात, हे खरंच. पाहायचं असेल तर सायकल आडवी टाकून बसावं. भीमाशंकरला शेकरू दिसलं ते असं, एका झाडाखाली पाऊण तास काढल्यावर. आधी वरून खडखडीत आवाज आला, मग फांदीवरून लोंबणारी तांबूस शेपटी. चाकावर असताना ते कधीच दिसलं नव्हतं.

दाजीपूरकडची ती वाट सायकलवाला अजून दर हिवाळ्यात करतो. पूर्वी सड्यापासून ओढ्यापर्यंत बारा मिनिटं लागायची, आता वीस लागतात. डाव्या वळणाआधी तो वेग मारतो, घंटी वाजवतो आणि दोनदा हाळी देतो. गवा तिथे पुन्हा कधी दिसला नाही. वळणापलीकडे शेणाचे पो मात्र दर खेपेला असतात, बऱ्याचदा अजून वाफाळणारे.