खाचेनंतरचा दात

हाड हातात आलं की मी आधी मातीच्या करामती बाजूला काढते. मुळांनी कोरलेल्या नागमोडी चऱ्या, कुदळीचा घाव. ताज्या तुटीची कड आतून फिकी दिसते, जुनी तूट बाकीच्या हाडासारखीच मातकट. जिवंतपणी भरून आलेल्या जखमेची कड मात्र गोलसर, गुळगुळीत. ती डोळ्याआधी बोटाला कळते.

शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातली दोनशेहून जास्त दफनं निघाली, बहुतेक लहान मुलांची. राहत्या घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ. या मुलांचे दात पाहताना मी हे काम शिकले.

एनॅमल घडत असताना मूल उपाशी राहिलं, तापानं फणफणलं, तर त्याची घडण अडखळते आणि दातावर आडवी खाच राहते. एनॅमल पुन्हा भरून येत नाही, म्हणून ती खाच कायमची. शिकाऊ असताना मी खाचा मोजल्या आणि लिहून टाकलं: खाचा असलेल्या मुलाची प्रकृती वाईट, नसलेल्याची चांगली. मला शिकवणाऱ्या बाईंनी वही परत दिली, समासात एकच प्रश्न लिहून: मग चांगल्या प्रकृतीचं मूल गेलं कशानं?

त्या प्रश्नानं माझी नजर बदलली. हाडावर खूण उमटायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ जगावं लागतं. चार दिवसांच्या तापात गेलेल्या बाळाचं हाड निर्मळच राहतं. अभ्यासक जेम्स वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हाच पेच सविस्तर मांडला.

उदयपूरजवळच्या बालाथलचा सांगाडा यामुळेच माझ्या मनातून जात नाही. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मध्यमवयीन पुरुष, नाकाजवळचं हाड झिजलेलं. कुष्ठरोगाच्या या खुणांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुष्ठरोग हाडापर्यंत सावकाश पोचतो. म्हणजे हा माणूस त्या दुखण्यासह वर्षानुवर्षं जगला होता.

इनामगावच्या एका कुंभातला दुधाचा सुळा मी अजून भिंगाखाली धरते. दात टोकाकडून हिरडीकडे घडत जातो. मधे खाच आहे, आणि तिच्यापुढे हिरडीकडे पुन्हा गुळगुळीत एनॅमल. ते दुखणं ओसरलं होतं; बाळ पुन्हा दूध पिऊ लागलं होतं.