नावांतली राने

गावाचे नाव आपण दिवसातून दहादा घेतो, पण त्याच्या अर्थाकडे क्वचितच लक्ष देतो. पिंपळगावच्या माणसाला नाव घेताना पिंपळ थोडाच आठवतो! पण कुणी विचारलेच तर तो अर्थ चटकन सांगतो. हे सुख लहान नव्हे. आयर्लंडच्या खेड्यांची नावे वाचू लागलो, तेव्हा मला त्याची किंमत कळली.

तिथल्या शेकडो नावांचा आरंभ 'किल'ने होतो. आयरिश भाषेत 'किल्' म्हणजे चर्च आणि 'कोल्य' म्हणजे रान. इंग्रजी लेखणीने दोन्हींना एकच टोपी घातली. किल्डेअर म्हणजे ओकवृक्षाचे चर्च, हे पक्के ठाऊक आहे. पण 'किलमोर' म्हणजे कुठे थोरले चर्च, तर कुठे मोठे रान. नकाशा पाहून कसे ओळखावे? खुद्द डब्लिनची गंमत पाहा. या नावात 'काळा डोह' दडला आहे, तर आयरिश माणसे त्याच शहराला 'कुडाच्या ताट्या टाकलेल्या उताराचे गाव' म्हणतात. डोह काय, उतार काय, नदीकाठच्या साध्या माणसांनीच ही नावे ठेवली असणार.

१८२४ साली इंग्रज सरकारने तिथे जमिनीची मोजणी सुरू केली. हेतू सारा ठरवण्याचा. त्या खात्यात १८३० साली जॉन ओडोनोव्हन नावाचा एका शेतकऱ्याचा विद्वान मुलगा नोकरीला लागला. जिल्ह्यामागून जिल्हा पालथा घालीत तो म्हाताऱ्यांना विचारी, "तुम्ही या जागेला काय म्हणता?" ऐकलेले मूळ नाव तो वहीत लिही आणि शेजारी नकाशासाठी इंग्रजी रूपही सुचवी. म्हणजे ज्या हाताने नाव मोडले, त्याच हाताने ते जपूनही ठेवले!

पुढे १८४५ साली बटाट्याचे पीक सडले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच परदेशी गेली. सर्वांत जास्त होरपळले ते आयरिश बोलणारे गरीब. ओडोनोव्हनला दहा-पंधरा वर्षे उशीर झाला असता, तर कित्येक गावांत उत्तर द्यायला कुणी उरलेच नसते.

म्हणून मी वर्गातल्या मुलांना एक काम सांगतो : आजोबांना आपल्या शेताचे नाव विचारा, आणि ते नाव का पडले, तेही विचारा. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. आंब्याची पट्टी आणि भुताचा माळ आजोबांच्या तोंडीच असतात.