‘भिडिया’ : गवताच्या नावातले आडनाव

वनस्पतिसंग्रहालयात गवताचे नमुने पाहताना मी गवताआधी कागदाच्या कोपऱ्यातली चिठ्ठी वाचतो. गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, क्रमांक. वाळलेले गवत सारखेच पिवळट दिसते. चिठ्ठ्या मात्र बोलतात.

‘भिडिया’ ही रानगवताची चिमुकली प्रजाती. जाती तीनच, तिन्ही भारतातल्या. नाव मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील आर. के. भिडे यांच्यावरून. मित्रहो, प्रजातीच्या कर्त्याचा उल्लेख ‘स्टाफ एक्स बोर’ असा करतात, आणि खरी गंमत त्या ‘एक्स’मध्ये आहे. नाव योजले क्यू येथील ऑटो स्टाफ यांनी. ते १९३३ मध्ये निवर्तले, तोवर नाव रीतसर प्रसिद्ध झालेच नव्हते. नॉर्मन बोर यांनी ते १९४९ मध्ये छापले.

त्यातल्या एका जातीचे नाव ‘बर्न्सिआना’, इलाख्याचे वनस्पतितज्ज्ञ विल्यम बर्न्स यांच्यावरून. म्हणजे हाताखालच्या भिड्यांचे नाव प्रजातीला आणि साहेबांचे जातीला! कचेरीतली उतरंड इथे उलटी झाली, हे मला मनापासून आवडते.

१९११ मध्ये स्वतः भिड्यांनी एका गवताला गॅमीसाहेबांचे नाव दिले : ‘डँथोनिया गॅमिई’. १९३७ मध्ये हबर्ड यांनी ते ‘डँथोनिडियम’ या नव्या प्रजातीत हलवले. नियमाप्रमाणे मूळ नामकर्ता कंसात गेला, पण पुसला गेला नाही.

ब्लॅटर व मॅक्कॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा १९३५ चा ग्रंथ मिळाला, तर गावांच्या नावांपुढचे कंस अवश्य वाचा. भिडे तिथेही भेटतील.