पदर खोचायचा तेवढा अवकाश

मराठीत माणूस कामाला लागतो तो आधी कपडे सावरून. कंबर कसतो, बाह्या सरसावतो, कासोटा मारतो, पदर खोचतो. याउलट उत्साह, स्फूर्ती, प्रेरणा हे भारदस्त शब्द. त्यांची वाट बघत बसावं लागतं. ते आले नाहीत, तर ‘बघू’, ‘करू की’, ‘सोमवारपासून’ अशी आपली तयारी असतेच.

सुरत साड्यांचं शहर. तापी खानदेशातून वाहत येऊन सुरतेपुढे समुद्राला मिळते आणि भुसावळहून अमळनेर, नंदुरबार करत येणारी गाडीही साधारण तोच रस्ता धरते. त्या रस्त्याने पोटासाठी आलेली माणसं उधना, लिंबायत, डिंडोलीत राहिली. तिथल्या गल्ल्यांत अहिराणी घरात बोलावी तशी बोलली जाते.

सकाळचा स्वयंपाक उरकला की या गल्ल्यांत साड्यांचे गठ्ठे उतरतात. कुठे धागा कटिंग, कुठे लेस लावणं, कुठे डायमंड चिकटवणं, पैसे नगावर. एखादी काकू उंबऱ्यात उभी राहून गठ्ठ्याकडे बघते. पाठ भरून आलेली, डोळ्यांत झोप. “आज जिवावरच आलंय गं,” शेजारणीला म्हणते. म्हणता म्हणता पाठीवर सुटलेला पदर उजव्या बगलेखालून पुढे ओढते, डाव्या कमरेला अंगठ्याने आत दाबते आणि खाली बसून गाठ सोडते. कंटाळा गेलेला नसतो. तोही तिच्या शेजारी मांडी घालून बसतो. पण हात सुरू झालेले असतात. तासाभराने कंटाळ्यालाच कंटाळा येऊन तो उठून जातो.

शहरालाही असं जिवावर येतं. सप्टेंबर 1994मध्ये प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने सुरत सोडून पळाली. तुंबलेली गटारं, कचऱ्याचे ढीग, पावसाचं साचलेलं पाणी. हे सगळं आधीपासून तिथेच होतं, रोज दिसत होतं. मे 1995मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून उठवून रोज सकाळी गल्लीबोळांत उतरवलं. याला लोक ‘एसी टू डीसी’ म्हणू लागले. डीसी म्हणजे ‘डेली चोअर्स’, रोजची कामं. रात्री रस्ते झाडले जाऊ लागले. दोनेक वर्षांत सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. साहेबांच्या मनात स्वच्छतेची ओढ आधी दाटून आली असेल असं काही वाटत नाही. आधी खुर्ची सुटली, मग बूट चिखलात गेले, मग ओढ वगैरे.

पुन्हा काकूकडे येऊ. तिची आई नऊवारीतली, तिचा कासोटा सकाळीच बसलेला असायचा. उठल्याबरोबर बाई कामाला तयार. काकू सहावारीत. लेक ओढणी कमरेला गच्च बांधते. नात जीन्समध्ये, तिला खोचायला काही उरलेलं नाही, म्हणून अभ्यासाला बसताना ती केस वर घेऊन क्लचर लावते. कापड बदलत गेलं, पण आवळायला काहीतरी लागतंच.

यात एक गंमत आहे. सुरतेची साडी कृत्रिम धाग्याची, निसरडी. खोचलेला पदर घटकाभरात निसटतो. काकू चिडत नाही, देवाला बोल लावत नाही. बोलता बोलता पुन्हा खोचते. आपण मात्र एकदाच काय तो निर्धार करतो, तो सुटला की आपल्या स्वभावावर खापर फोडतो आणि नव्या निर्धारासाठी पाडव्याची वाट बघतो. पदर सुटणं हा पदराचा स्वभाव आहे. तो पुन्हा खोचायला मुहूर्त कशाला काढायचा?