उपकरणांचा क्रम

'उपकरण' या शब्दांतील 'उप' हा उपसर्ग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. कार्याच्या वेळीं जें जवळ असतें तेंच उपकरण. काम निम्म्यावर आल्यावर जें शोधावयास धांवावें लागतें, तें कितीहि मूल्यवान् असलें तरी त्या क्षणीं निरुपयोगीच. खंडेनवमीस आपण आयुधें एकत्र मांडून पुजतों, त्यांतहि हाच व्यवहार असावा.

हें लिहिण्यास निमित्त अमेरिकेंतील आमच्या पुतण्याचें. कोलोरॅडोच्या डोंगरांतील खडकाळ वाटांसाठीं आपली रँग्लर जीप अडीच इंच उंच करावी, आणि तीहि घरींच, असें त्याच्या मनानें घेतलें. मूळच्या स्प्रिंगा काढून लांब स्प्रिंगा व त्यांस जुळणारे शॉक अब्सॉर्बर बसवावयाचे, असा हा उद्योग. वार्ता कळतांच त्याच्या मातोश्रींनीं, म्हणजे आमच्या वहिनींनीं, एकच प्रश्न केला, "भावोजी, तो गाडीखालीं निजेल तेव्हां वरची गाडी कोण धरणार?"

याहून नेमका प्रश्न एखाद्या यंत्रज्ञासहि सुचला नसता. जॅक गाडी उचलतो. ती धरून ठेवणें हें त्याचें काम नव्हे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचें एक सील फुटलें कीं सारा भार खालीं येतो. म्हणून आम्हीं मनाई न करितां, सर्व साधनांची यादी वापराच्या क्रमानें लिहून मागविली. पहिल्या यादींत पाने पुष्कळ होते. गाडी तोलून धरणारी लोखंडी घोडी मात्र एकहि नव्हती! त्या आल्याखेरीज चाकास हात लावावयाचा नाहीं, असें आम्हीं बजाविलें; त्यानेंहि एक आठवडा काम थांबविलें.

सुधारलेला क्रम असा: सपाट, टणक जमीन, भुईवरील चाकांस ठोकळे, जॅक, लगेच चॅसीखालीं घोड्या, आंस सांवकाश खालींवर करण्यास दुसरा जॅक. गंजलेल्या बोल्टांस आदल्या दिवशींच तेल. पाना नेमक्या मापाचाच हवा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेथें १३ चा पाना चालवून घेणारा नटाचे कोपरे झिजवून बसतो. शेवटीं टॉर्क-पाना. एक मीटर दांड्याच्या टोंकास १० किलोग्रॅम भार टांगल्यास सुमारें ९८ न्यूटन-मीटर पीळ पडतो. कोणत्या बोल्टास किती पीळ हें निर्माता ठरवितो, आपलें मनगट नव्हे. असलीं महाग साधनें तेथील कांहीं दुकानें अनामत घेऊन उसनीं देतात, ही सोय स्तुत्य होय.

रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच अखेरचे आवळावयाचे. ब्रेकच्या नळ्या ताणत नाहींत ना, हें पाहावयाचें; चाकांची दिशा तपासून घ्यावयाची; आणि थोड्या प्रवासानंतर सर्व बोल्ट पुन्हां पाहावयाचे. उंची वाढली कीं गुरुत्वमध्यहि वर जातो, म्हणून वळणावर वेग आवरावयाचा.

आपल्याकडील तरुणांनीं मात्र अनुकरणापूर्वीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाचावें. निर्मात्याच्या मूळ तपशिलांत मन मानेल तसा फेरफार करण्यास तें मुभा देत नाहीं.

काम सुरळीत पार पडलें. उंच झालेल्या जीपचें छायाचित्र घरांत सर्वांनीं कौतुकानें पाहिलें; वहिनींनीं मात्र घोड्यांवर उभ्या असलेल्या जीपचें तेवढें आपल्यापाशीं ठेवून घेतलें.